घरघर पुसायची नाही

हातात जात्याचा खुंटा आल्याशिवाय आजींना ओवी आठवत नाही. मोबाईल पुढे धरून ‘म्हणा’ म्हटलं की दोन शब्दांवर गाडी अडते. म्हणून असोद्यात आम्ही जातंच मांडलं. ज्वारीची मूठ पडली, दगड फिरू लागला आणि ओवीमागून ओवी येत गेली.

बहिणाबाई चौधरींचा जन्म याच गावचा, 1880 सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गेल्यावर, 1952 साली, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्यांची गाणी पुस्तकात आली. शब्द टिकले, हे थोर काम झालं. पण आवाज कागदावर उतरत नाही. या गावच्या मुलांना ओवी आधी कानांनी मिळावी, असं मला मनापासून वाटतं. आणि ज्यांना कान साथ देत नाहीत, त्यांनाही.

म्हणून या ओव्यांचा धडा आम्ही ‘स्क्रॅच’ या मुलांच्या प्रोग्रॅमिंग साधनात बांधतो. पडद्यावरच्या सुपाला, जात्याला, माहेरच्या वाटेला बोट लावलं की त्या-त्या विषयाची ओवी सुरू होते. न दिसणाऱ्या मुलाला चित्राचा उपयोग नाही. म्हणून त्याच ओव्या कीबोर्डच्या ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांना जोडल्या. त्या दोन कळांवर बोटाला लागेल असा उंचवटा असतो. कुणाला न विचारता तो त्या शोधतो. यंत्राचा तयार मराठी आवाज मात्र घेतला नाही. तो ‘शाळा’ म्हणतो, आजी ‘शाया’ म्हणतात, आणि घरी मुलं तेच ऐकतात.

खरा प्रश्न घरघरीचा. आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर जात्याची एकसुरी घरघर गोंगाट समजून पुसून टाकतं. पण ओवीचा ताल त्या फेऱ्यातच असतो. आम्ही ती राखली आणि स्पीकर लाकडी बाकावर ठेवला. ऐकू न येणारी मुलगी बाकावर दोन्ही तळवे टेकवते, पडद्यावर एकेक शब्द उजळताना बघते आणि जातं फिरल्यासारखी डुलते. तिच्यासाठी खुणांच्या भाषेतला व्हिडिओही शेजारी चालतो.

ओवीत आपल्या भावाचं, लेकीचं नाव बसवायची रीत जुनीच. म्हणून धड्यात एक जागा मोकळी ठेवली आहे. तिथे मुलं स्वतःचा आवाज भरतात. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाने आपल्या बहिणीचं नाव घातलं. ते चालीत बसेना. आजींनी नाव जरा लांबवून म्हणून दाखवलं, आणि तो “पुन्हा म्हना ना” म्हणत त्यांच्या मागे लागला.