विश्वाचा हिशेब – भाग ९ : नारळीकरांचं नाव आणि नारळीकरांची शिस्त

गेल्या भागात विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं कसं काढतात ते पाहिलं. या आकड्यावर हौशी मंडळींत वाद पेटला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एकजण म्हणतो, ‘अहो, नारळीकरांनी तरी कुठे महास्फोट मानला होता?’ दुसरा विचारतो, ‘तुमचा या विषयातला अभ्यास किती?’ पहिला मोठ्या नावाच्या आडून वाटेल तो तर्क आत घेतो, दुसरा पदवी विचारून दार लावतो. दावा नेमका काय आणि तो तपासायचा कशाने, हे दोघांच्याही भांडणात बाजूलाच राहतं. जयंत नारळीकरांना महास्फोट अखेरपर्यंत पटला नाही, हे खरं. पण त्यांनी तो नाकारला कसा, हे पाहिलं तर दोन्ही वाक्यांची पंचाईत होते.

हर्मन बाँडी, टॉमी गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य निर्माण होत राहिल्यामुळे ते कोणत्याही काळी सारखंच दिसतं, असं तो सांगे. इथे सिद्धान्ताने आपली मान स्वतःहून पुढे केली होती. दूरच्या रेडिओ स्रोतांकडे पाहणं म्हणजे जुना काळ पाहणं. मोजदादीत मंद स्रोत अपेक्षेहून जास्त निघाले, तर विश्व पूर्वी वेगळं होतं असं ठरणार. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी फेब्रुवारी १९६१ मध्ये नेमकं हेच जाहीर केलं. नारळीकर तेव्हा हॉइल यांच्या हाताखालचे अगदी नवे संशोधक विद्यार्थी होते. राइल यांचा हेतू काय, अशी चर्चा करत न बसता गुरुशिष्यांनी उलट हिशेब मांडला : स्रोत मोठमोठ्या समूहांत विखुरलेले असतील, तर स्थिर विश्वातही असा चढ दिसू शकतो. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हे मांडायला हॉइल यांनी या विद्यार्थ्यालाच उभं केलं. पीएचडी अजून दूर होती, हे पदवी विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

त्या उत्तराने वेळ निभावली, वाद मिटला नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहीत, पण जुन्या जागी अडूनही बसले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित प्रारूप मांडलं : विश्वाला आरंभ नाही, ते आकुंचन-प्रसरणाच्या फेऱ्या घेत सावकाश वाढतं आणि द्रव्य ठिकठिकाणच्या लहान स्फोटांतून जन्मतं. मग ते प्रारण आलं कुठून? त्यांच्या मते, अवकाशातल्या लोखंडाच्या सुयांनी, मिलिमीटरभर लांब पण कमालीच्या बारीक, ताऱ्यांचाच प्रकाश शोषून पुन्हा सोडला. मला हे ओढूनताणून आणलेलं वाटतं. कोबे उपग्रहाने नोंदवलेला कृष्णिकेचा इतका नितळ आलेख अशा धुळीतून निघावा, हे गळी उतरत नाही. पुढे त्या प्रारणातल्या बारीक चढउतारांचं गणितही महास्फोटाच्याच बाजूने चोख बसलं. पण सुयांची लांबीसुद्धा त्यांनी सांगून ठेवली होती, म्हणून तर हे म्हणता येतं.

बियाण्यांच्या जालन्यात ही गोष्ट फार समजावून सांगायला नको. नव्या वाणाबद्दल कंपनी काहीही म्हणो, शेजारी जुना वाण लावून एकरी उतारा किती पडला तेच शेतकरी बघतो. नारळीकरांनी ज्योतिषांनाही हाच न्याय लावला. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह केलेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. २८ बरोबर ओळखल्या तर यश, हे आधीच ठरलं होतं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांपैकी कोणीही २४ च्या पुढे गेला नाही. विश्वरचनेत बंडखोर असलेला माणूस इथे प्रस्थापितांचा प्रतिनिधी होता, नियम मात्र तोच. तेव्हा ‘विज्ञानात तरी कुठे एकमत आहे, मग आमचंही ऐका’ असं त्यांच्या नावाने म्हणणाऱ्यांनी आपले २८ कोणते, ते अगोदर सांगावं.

तज्ज्ञ चुकतात, असा आक्षेप यावर येईल. चुकतातच. मंठ्याच्या पुढचं लोणारचं विवर दीर्घकाळ ज्वालामुखीचं समजलं जाई. सारं पठारच लाव्हाचं, त्यामुळे तो तर्क वेडगळ नव्हता. तो मोडला विवराच्या तळातून बोअर घेऊन काढलेल्या दगडांनी. त्यांतलं फेल्डस्पार प्रचंड दाबाखाली, न वितळताच, काचेसारखं झालं होतं आणि एवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. १९७३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तज्ज्ञांची चूक इथे दगडांनी दाखवली. तज्ज्ञांवरच्या अविश्वासाने तो बोअर कधी घेतला गेला नसता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुरावा गोळा करायला दुर्बीण लागते, आणि तिचा वेळ वाटणारे बहुमतातलेच असतात. हॅल्टन आर्प यांना जवळच्या दीर्घिकांशेजारी मोठी ताम्रसृती असलेले क्वेसार दिसत होते आणि ताम्रसृती म्हणजे अंतर हे समीकरणच त्यांना अमान्य होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा दुर्बिणीचा वेळ बंद झाला आणि ते जर्मनीला गेले. शंका घेणाऱ्यांना निधी आणि वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणारं जाहीर पत्र २००४ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये आलं, त्यावर नारळीकरांचीही सही होती. ही तक्रार झटकून टाकता येत नाही. मात्र विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे, हा १९९८ चा शोधही बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्धच होता आणि तो काही वर्षांतच मान्य झाला. गंमत म्हणजे स्थिर स्थितीच्या गणितात ते वाढतं प्रसरण १९४८ पासूनच होतं. एक खातं जुळल्याने बाकीची जुळली नाहीत, एवढंच. शिवाय हौशी अभ्यासकाच्या बाबतीत दुर्बिणीची सबब आता निम्मी संपली आहे : स्लोन सर्वेक्षणातले लाखो क्वेसार कोणालाही घरबसल्या फुकट मिळतात. आर्प यांच्या जोड्या त्यांतून कशा मोजायच्या, ते पुढच्या आठवड्यात.