नवा संगणक घ्या, पण जुन्याची पुंजी सोडू नका
छपाई, लग्नपत्रिका, फलक व भरतकामाच्या व्यावसायिकांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे इमानेइतबारे चाललेला संगणक बदलणे आमच्या अनेक व्यावसायिक बंधूंना भाग पडत आहे.

नव्या यंत्राच्या किमतीचा हिशोब प्रत्येकजण करतो. पण जुन्या यंत्रात कारागिराने हळूहळू बसविलेली मांडणी, शॉर्टकट, रंगांच्या पट्ट्या, फॉन्ट व साचे यांचा हिशोब फार थोडे करतात. विक्रेता फाइली उतरवून देतो आणि काम झाले असे आपण समजतो. लग्नसराईत पहिली पत्रिका उघडली की मराठी नावाच्या जागी अगम्य इंग्रजी चिन्हे दिसतात, मरून रंग तपकिरी छापला जातो आणि ग्राहक दारात उभा असतो. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच पुढील कामे उरकून घ्यावीत.

मांडणी व शॉर्टकट

कोरल ड्रॉमध्ये आपण लावलेल्या अवजारांच्या पट्ट्या, मेनू व शॉर्टकट यांना मिळून वर्कस्पेस म्हणतात. वर्कस्पेसच्या पर्यायात एक्स्पोर्ट करून त्याची एक फाइल करता येते व नव्या संगणकावर इंपोर्ट करता येते. मात्र या फाइलबरोबर फॉन्ट येत नाहीत. स्वतः बनविलेल्या रंगपट्ट्या, साचे आणि मॅक्रो यांच्या प्रतीही वेगळ्या घ्याव्या लागतात. कोरल सुरू होताना एफ ८ दाबून धरल्यास सर्व मांडणी कारखान्यातून आली तशी होते. काही अडले की हा उपाय सुचविला जातो, पण एक्स्पोर्ट केल्याशिवाय तो करू नये.

फोटोशॉपमध्ये एडिट मेनूतील प्रीसेट्सखाली एक्स्पोर्ट व इंपोर्टची सोय आहे. अ‍ॅक्शन्स जतन करताना एकच अ‍ॅक्शन निवडली तर 'सेव्ह'चा पर्याय मिळत नाही. तिचा पूर्ण संच निवडावा लागतो.

फॉन्ट

सर्वांत जास्त नुकसान फॉन्टमुळे होते. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. उर्दू कामाच्या जुन्या इनपेज फाइलींसाठी नव्या संगणकावर इनपेजच बसवावे लागते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरे वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की टाइप १ प्रकारच्या जुन्या फॉन्टचा पाठिंबा अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ पर्यंत काढून घेतला आहे.

विंडोजमध्ये फॉन्ट दोन ठिकाणी असू शकतात. सर्व वापरकर्त्यांसाठी बसविलेले फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, तर एकाच वापरकर्त्यासाठी बसविलेले त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. दोन्हींची प्रत घ्यावी. ग्राहकाने पसंत केलेल्या कामाची एक जादा प्रत कर्व्हमध्ये करून ठेवावी. त्या प्रतीतील मजकूर दुरुस्त करता येत नाही, पण अक्षर हलतही नाही. मूळ फाइल मात्र जपावी.

रंग व भरतकाम

पडद्यावरचा रंग कागदावर कसा उतरेल हे कलर प्रोफाइलवर ठरते. छापखान्याने दिलेले किंवा प्रिंटरसाठी बसविलेले प्रोफाइल नव्या संगणकावर न्यावे आणि सॉफ्टवेअरच्या रंगांच्या पर्यायात तेच निवडलेले आहे याची खात्री करावी.

भरतकामाच्या यंत्रावर चालणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये टाके व रंगबदलाच्या जागा असतात, धाग्याचे खरे रंग नसतात. पुढे नक्षी लहानमोठी करायची तर डिझाइन सॉफ्टवेअरची मूळ फाइलच उपयोगी पडते. म्हणून केवळ डीएसटीवर विसंबू नये.

परवाना

जुन्या संगणकावर सॉफ्टवेअरच्या खात्यातून साइन आउट करावे किंवा परवाना निष्क्रिय करावा. अ‍ॅडोबीचा वैयक्तिक परवाना दोनच संगणकांवर चालू राहतो. डोंगलवर चालणारे सॉफ्टवेअर असेल तर डोंगलबरोबर त्याचा ड्रायव्हर, अनुक्रमांक व पावतीही सांभाळावी.

येथेच चोरीच्या प्रतीचा प्रश्न येतो. तिच्यासाठी कोणी जबाबदार नसतो, नव्या विंडोजवर ती चालेलच याचा भरवसा नसतो, आणि तिच्याबरोबर व्हायरसही येऊ शकतो. शिवाय १९८८ मध्ये कुवेत येथे झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने व्यापारी नाव, लेखन व शोध यांवरील हक्क शरीयतने मान्य केलेले असून त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही, असा ठराव केला आहे. हलाल रोजीची चिंता करणाऱ्याने हत्यारही हलाल असल्याचे पाहिले पाहिजे. ज्यांना किंमत परवडत नाही त्यांच्यासाठी इंकस्केप, गिंप व स्क्रायबस ही मोफत व कायदेशीर सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत.

जुना संगणक लगेच विकू नका

किमान पंधरा दिवस दोन्ही संगणक शेजारी ठेवावेत. एक जुनी लग्नपत्रिका, एक उर्दू काम आणि एक रंगीत फलक नव्या संगणकावर उघडून छापावा व जुन्या छपाईशी ताडून पाहावा. सर्व जुळले की प्रती दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुकानाबाहेर.

त्यानंतरच जुना संगणक विकावा, तोही नुसत्या फाइली डिलीट करून नव्हे. विंडोजच्या रीसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' चालू करावा. त्या यंत्रात लोकांच्या लेकीबाळींची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि छायाचित्रे असतात. ती ग्राहकांनी विश्वासाने सोपविलेली अमानत आहे, भंगारवाल्याला विकण्याचा माल नव्हे.

या सर्वाला दोन-तीन दिवस लागतात. ते रमजानपूर्वी किंवा लग्नसराईच्या आधी, काम थोडे असताना काढावेत आणि कारागिराला सोबत बसवावे, कारण कोणता शॉर्टकट त्याच्या हाताला लागतो हे मालकापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते.