एका रात्रीत थांबणारी गुडघेदुखी



सोयाबीनची निंदणी उकिडवे बसून करावी लागते, बटाटा वाकून वेचावा लागतो आणि गव्हाची पोती पाठीवरून वाहावी लागतात. तेव्हा सांवेर, देपालपूर, महू या भागांत पन्नाशी गाठलेल्या माणसाचे गुडघे व कंबर कुरकुरू लागली, तर नवल नाही. नवल वाटते ते पुडीचे! "जडीबुटी आहे, अपाय नाही" असे सांगून बाजारात कागदात बांधलेली पूड दिली जाते, आणि काल काठी टेकणारा आज तरातरा चालू लागतो.

गुण इतका झटपट का येतो? अशा कितीतरी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. हे औषध मुळात वाईट नव्हे. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. या शोधाबद्दल 1950 मध्ये त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हेच औषध बेहिशेबी घेत राहिल्यास चेहरा गोल सुजतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. कधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते ढासळते. गुडघा वाचवायला जावे आणि खुबा गमवावा, असा हा सौदा!

मात्र महिनोन्महिने घेतलेली पुडी एकाएकी टाकून देऊ नका. शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनविणे विसरलेले असते. त्यामुळे जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा व त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सोडा.

दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचेही तसेच. जठरात व्रण होतो, मूत्रपिंडे बिघडतात. उन्हात घाम गाळणाऱ्याने पाणी कमी प्यायले, तर धोका अधिक. गुरांना हेच औषध दिल्याने, मेलेली गुरे खाऊन गिधाडे लाखोंनी मेली. म्हणून 2006 मध्ये सरकारने ते गुरांसाठी बंद केले. आपल्या गोळ्या व इंजेक्शने गोठ्यात नेऊ नका.

मग करावे काय? झिजलेल्या गुडघ्याचा खरा आधार मांडीचा स्नायू. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुण यायला महिना-दोन महिने लागतील, पण तो टिकेल. वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. निंदताना खाली पाट घ्या, किंवा उभ्याने चालणारे कोळपे वापरा. वेदनाशामक जेल वरून चोळणे गोळीपेक्षा सुरक्षित असते.

पाय मुरगळला, तर पहिले दोन दिवस मालिश नको. फडक्यात बर्फ गुंडाळून शेका, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. हाडवैद्याची घट्ट पट्टी बांधल्यावर बोटे काळीनिळी किंवा बधिर झाली, तर ती ताबडतोब सोडा. उशीर झाला तर पाय कापावा लागतो.

सकाळी तासभर बोटे आखडतात आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, तो आजार वेगळा. त्यावर मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरते. ताप येऊन सांधा लाल व गरम झाला, अथवा कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इंदूरला एम. वाय. हॉस्पिटल गाठा.

गुडघा पार झिजलाच, तर कृत्रिम सांधा बसविता येतो. 2017 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची तेव्हाची कमाल किंमत कराखेरीज 54,720 रुपये होती. आयुष्मान कार्ड असेल, तर सोबत न्या व रुग्णालयात आधीच चौकशी करा.

शेतात एका रात्रीत पीक येत नाही, हे आपणांस कोणी शिकवायला नको. गुडघ्यालाही तेवढाच अवधी द्या.