दिवेलागणीनंतरचे मांजर

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यातल्या गावांत दिवेलागणीची कामे ठरलेली असतात. कोंबड्या डालल्या जातात, शेळ्या कोठ्यात जातात, बैल दावणीला लागतात, सांदवाडीत खेळणाऱ्या पोरांना हाका मारून आत घेतले जाते. वाघ-बिबट्याच्या मुलखात हे कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. या सगळ्या बंदोबस्तातून एकच जनावर सुटते, ते म्हणजे मांजर. ते आपले आपण येईल नि आपले आपण जाईल, असे घरोघरी धरून चाललेले असते. चंद्रपूर शहरात आता मांजर हौसेने पाळणारी घरे वाढली आहेत, आणि मायक्रोचिप ओळखून उघडणारे मांजराचे दार बसवावे का, हा प्रश्न तिथेही पोचतो आहे. या दाराची जाहिरात एकाच गोष्टीवर उभी असते: तुमचे मांजर आत येईल, गल्लीतला बोका येणार नाही. लंडनमधल्या घराला एवढे पुरते. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र आत कोण येते हा दुसरा प्रश्न आहे; अंधार पडल्यावर बाहेर कोण जाते हा पहिला. गंमत अशी की बाजारातल्या साध्या चिपच्या दारांना या पहिल्या प्रश्नाशी काही देणेघेणे नसते.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाडीची काचेची नळी, तांदळाच्या दाण्याएवढी. पशुवैद्य ती जाड सुईने मांजराच्या दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. दाराच्या चौकटीत तारेचे वेटोळे असते, त्यातून १३४.२ किलोहर्ट्झचा रेडिओ लहरींचा प्रवाह निघाला की त्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते, आपला १५ आकडी क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला इकडे सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो, तो डोळ्यांनी वाचायचा. चिप यंत्राने वाचायची, फरक एवढाच. पण वाघाच्या रेडिओ कॉलरशी तिची गल्लत करू नये. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणाऱ्या कॉलर होत्या. कॉलरमध्ये बॅटरी असते आणि ती स्वतःहून ठावठिकाणा कळवते. मांजराची चिप विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारणाराही वीतभराच्या आत लागतो. चिप बसवली म्हणजे हरवलेले मांजर मोबाइलवर दिसेल, हा समज सोडलेला बरा.

दारातून मांजर जाते तो प्रसंग जवळून पाहिला तर पुढचा मुद्दा आपोआप कळतो. बाहेरून आलेले मांजर झडपेला नाक लावते. त्याची मान चौकटीखाली येते, हालचाल ओळखणारा डोळा चिप वाचणाऱ्या यंत्राला, म्हणजे वाचकाला, जागे करतो, क्रमांक जुळतो, ‘टक्’ असा आवाज होऊन खिट्टी खाली जाते आणि झडप सुटते. हे झाले आत येताना. साध्या मॉडेलमध्ये बाहेर जाताना यातले काहीच होत नाही. खिट्टी फक्त बाहेरून आत ढकलणाऱ्याला अडवते. आतून कोणतेही मांजर कधीही झडप लोटून निघून जाते. दोन्ही बाजूंनी चिप वाचणारी मॉडेले निराळी असतात आणि महाग असतात. केंब्रिजमधल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या मांजरासाठी चिपचे दार बनवून सुमारे पंधरा-सतरा वर्षांपूर्वी ते बाजारात आणले, ते मुळात आगंतुक मांजरांना रोखण्यासाठी. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला चिप लावणे सक्तीचे झाले. त्यामुळे तिथे दाराची निम्मी तयारी मांजराच्या अंगातच असते. बिबट्या हा विषय त्या आखणीत नव्हता, यात त्यांचा दोष नाही.

बिबट्या मांजर खातो, ही ऐकीव गोष्ट नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात राहणाऱ्या जनावरांचा निघाला. कुत्री ३९ टक्के, आणि त्यांच्या खालोखाल मांजरे, १५ टक्के. शेळीचा क्रमांक मांजराच्याही नंतर लागला. मांजर वजनाने केवढेसे असते ते लक्षात घेतले तर १५ टक्के या आकड्यामागे किती मांजरे असतील याची कल्पना यावी. यावर आक्षेप घेता येतो आणि तो रास्तही आहे: अकोले हा उसाचा मुलूख, तिथे जंगल नाही, हरणे नाहीत, ताडोब्याच्या बिबट्याला चितळ, रानडुक्कर, वानर सगळे आहे, तो मांजरामागे कशाला लागेल? ताडोब्याच्या गाभ्यात हे खरे असेल. पण गाभ्यात वाघ आहे. जिथे वाघ दाट असतो तिथे बिबट्या कडेला सरकतो आणि कडेला गावे आहेत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा परिसर, शेजारचे दुर्गापूर, कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे आणि त्यांवर माजलेली झुडपे, ही आता बिबट्याची राहण्याची जागाच झाली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच भागात आधी वाघाने एका कामगाराचा आणि पाठोपाठ बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. अशा वस्तीत बिबट्याचे ताट कुत्री, डुकरे, कोंबड्या आणि मांजरांनीच भरते. बिबट्याला वस्तीकडे ओढणारे मुख्य भक्ष्य मांजर नाही, कुत्रा आहे, हे मान्य. तरी रात्री ओसरीवर बसलेले मांजर म्हणजे दाराशी ठेवलेला घासच, आणि तो उचलायला येणारा घराच्या पायरीपर्यंत येतो.

म्हणून दार घेताना पहिली अट ही की अंधारात आतून बाहेर जाण्याची वाट बंद करता आली पाहिजे. दुसरी अट त्याला जोडून: संध्याकाळी बाहेर राहून गेलेल्या मांजराला मात्र आत येऊ दिले पाहिजे. दोन्ही बाजू कुलूपबंद करणारे दार इथे घातक, कारण उशिरा परतलेले मांजर रात्रभर पायरीवर अडकेल. वेळ लावून ठेवता येणाऱ्या दारांची एक खोड सांगून ठेवतो. त्यांना घड्याळ कळते, सूर्य कळत नाही. चंद्रपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या जवळ. मेमध्ये लावलेली सातची वेळ दिवाळीनंतर तशीच राहिली तर रोज तास-दीड तासाचा अंधार मांजराला मोकळा मिळतो, आणि मांजराला तर तिन्हीसांजेलाच जास्त चेव येतो.

आता खरे सांगायचे तर ही पहिली अट पुरी करायला चिप लागतच नाही. बिनचिपच्या साध्या झडपेलाही अनेकदा चार खाचांचे बटण असते: पूर्ण उघडे, पूर्ण बंद, फक्त आत, फक्त बाहेर. दिवेलागणीला ते ‘फक्त आत’वर फिरवले की काम झाले. किंमत चिपच्या दाराच्या तुलनेत किरकोळ. मग चिपवर पैसे घालावेत कुणी? ज्या घरातली माणसे संध्याकाळी कामावर असतात, वीज केंद्रात किंवा खाणीत पाळीची नोकरी करतात, त्यांच्या घरी बटण फिरवायला कुणी नसते. ज्या घरात दोन-तीन मांजरे आहेत आणि त्यातले एकच आजारी किंवा गाभण म्हणून आत ठेवायचे आहे, तिथे दोन्हीकडून वाचणारे दारच उपयोगी पडते. आणि तिसरे घर ते, ज्याची मागची बाजू झाडीला लागून आहे. तिथे झडपेशी फक्त बोका येत नाही. उदमांजर येते, मुंगूस येते, रानमांजरही येते. आतल्या दुधा-मासळीचा वास सगळ्यांना सारखाच येतो. गडचिरोलीतल्या मातीच्या, कुडाच्या घराला मात्र मी हे दार सुचवणार नाही. भिंत जाड, चौकट ठिसूळ, आणि परदेशातून जकात भरून आणलेल्या वस्तूची किंमत पाच आकडी. तिथे सुताराने केलेली लाकडी झडप आणि आतून एक खिट्टी पुष्कळ झाली.

मांजराला रात्री कोंडणे म्हणजे उंदरांना मोकळे रान, असे धानाच्या पट्ट्यातले शेतकरी म्हणतील. मांजर काही लाडासाठी पाळलेले नसते. पण जे धान उंदीर खातात ते ठेवलेले असते कुठे? घरातल्या कोठीत, माळ्यावर, छपरीतल्या पोत्यांत. मांजर रात्री बांधावर फिरले तर बांधावरचे उंदीर मारेल, कोठीतले नाही. उलट मांजराच्या स्वातंत्र्यावर ही गदा आहे, हा शहरी आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, कारण फिरणे हा मांजराचा स्वभावच आहे. त्याला उत्तर दार नाही, जागा आहे: झडप थेट रस्त्यावर न उघडता जाळी लावलेल्या छपरीत उघडावी. रात्रीची हवा, किडे, चांदणे सगळे मिळते. बिबट्या जाळीबाहेर राहतो.

या जागेच्या निवडीमागे आणखी एक कारण आहे, ते साप. परदेशी सूचनापत्रात झडप मांजराच्या पोटाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीलगत बसवायला सांगितलेले असते. मण्यारीच्या मुलखात जमिनीलगत भोक पाडण्याआधी दोनदा विचार करावा. झडप बंद असली तरी तिच्या कडेच्या फटी हवाबंद नसतात, आणि मण्यार घरात शिरते ती रात्रीच, पाली-उंदरांच्या मागावर. खिडकीच्या उंचीवर बसवलेल्या झडपेने धोका कमी होतो. संपतो असे म्हणता येत नाही. खिडकीत बसवताना दुसरे विघ्न आडवे येते, लोखंडी ग्रिल. वाचकाच्या वेटोळ्याजवळ लोखंड आले की लहरी अडखळतात आणि चिप वाचली जात नाही. पत्र्याच्या दारात तर हमखास. प्लायवूडच्या किंवा ॲक्रिलिकच्या मोठ्या तुकड्यात दार बसवून सळ्या पुरेशा लांब ठेवाव्या लागतात. लाकडी दार सर्वांत सोपे, पण इकडचे लाकडी दार म्हणजे सागवान. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून जे लाकूड गेले त्याच जातीच्या फळीला मांजरासाठी भोक पाडायला घरातली वडीलधारी माणसे सुखासुखी तयार होतील, असे वाटत नाही.

उन्हाळ्याचा हिशेबही आधीच करावा. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात कूलरशिवाय रात्र निघत नाही, आणि कूलर नीट चालायचा तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. मग चिपचे दार कितीही हुशार असले तरी मांजर त्या खिडकीने जाणार. त्या फटीला जाळी नसेल तर एप्रिल ते जून दारावरचा खर्च वाया. ही दारे बहुधा चार पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेल्याने बिघडत नाहीत. पण पश्चिमेच्या उन्हात सेल गळतात आणि प्लॅस्टिक वाकते. दाराच्या बोगद्यात पाल वावरली तरी वाचक उगाच जागा होतो. सेल संपल्यावर खिट्टी कोणत्या स्थितीत राहते, उघडी की बंद, हे विकणाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे. या मुलखात दुसऱ्या कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा ते महत्त्वाचे आहे.

आजारांबाबत दाराकडून फार अपेक्षा ठेवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. कारण एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू निघाले. त्यांतले वाघ चंद्रपूर भागातून नेलेले होते. पुढच्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला. मेलेला पक्षी तोंडात धरून आलेल्या मांजराला चिपचे दार आदबीने आत घेते. त्याला फक्त क्रमांक कळतो. तोंडातली शिकार कॅमेऱ्याने ओळखणारे दार एका स्विस कंपनीने काढले आहे, पण ते अजून आपल्याकडची वस्तू नव्हे. उलट दिशेचा धोकाही आहे. घरच्या मांजरांतला पॅनल्युकोपेनिया रानमांजराला होऊ शकतो, आणि वाघाटीला, म्हणजे पूर्ण वाढूनही किलो-दीड किलोच भरणाऱ्या त्या ठिपक्यांच्या मांजराला, असा आजार झेपणारा नाही. रात्री मांजर घरात राहिले की या भेटी कमी होतात. बाकी काम लसीचे, आणि चिप बसवायला पशुवैद्याकडे जाल त्याच खेपेत तेही उरकते.

एकदा घ्यायचे ठरले की दार आधी हातात धरून पाहावे. सेल घालावेत, क्रमांक शिकवण्याचे बटण दाबावे, आणि रोजच्या जेवणाच्या वेळी पलीकडून मासळीचा तुकडा दाखवून मांजराला चौकटीतून डोके काढू द्यावे. कधीकधी चिप खांद्यावरून खाली फऱ्याकडे सरकलेली असते. मग चौकट ती वाचत नाही, आणि हे भोक पाडल्यावर कळले तर सुताराची मजुरी फुकट. ‘टक्’ ऐकू आले, दोन्हीकडून वाचणाऱ्या दारात दोन्ही दिशांनी आले, सलग चार-पाच दिवस आले, की मग सुताराला बोलवावे. पहिला आठवडा झडप चिकटपट्टीने वर बांधून ठेवावी, कारण त्या आवाजाला बहुतेक मांजरे दचकतात. आणि जेवणाची वेळ दुपारची असली तर ती दिवेलागणीला आणावी, कोंबड्या डालतात त्याच सुमाराला.