परंड्याचा सिंह

मोटारीने सहकुटुंब सहलीला निघायचे म्हणजे घरात आधी एक छोटेसे मंत्रिमंडळ भरते. आमच्या घरी गेल्या जानेवारीत ते भरले तेव्हा ठराव दोन होते. चिरंजीवांना वाघ पाहायचा होता. आईला परंडा पाहायचा होता. वाघ कात्रजला आणि परंडा धाराशिव जिल्ह्यात. मध्ये दोनशे किलोमीटरांहून थोडी अधिक वाट. सौ.ने नेहमीप्रमाणे दोन्ही ठराव मंजूर केले आणि दशम्यांचे पीठ मळायला घेतले.

आईच्या ठरावामागे घाई होती. तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. उजेडात ती अजून पेपरचे मथळे वाचते, पण दिवस कलला की तिला समोरचे माणूसही आवाजावरून ओळखावे लागते. महिनाअखेर शस्त्रक्रिया ठरलेली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, की आहे ती नजर टिकवण्यासाठी हा खटाटोप. गेलेली परत यायची नाही. तेव्हा परंडा पाहायचा तो सूर्य मावळायच्या आत. जानेवारीतला सूर्य काही कोणासाठी थांबत नाही!

परंडा हे तिचे जन्मगाव. ती पाच वर्षांची असताना, १९४८ साली, रझाकारांच्या भीतीने तिच्या वडिलांनी रातोरात बैलगाडी जोडली आणि बार्शी गाठली. परंडा निजामाच्या हद्दीत, तर बार्शी मुंबई प्रांतात. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले. पण यांचे बिऱ्हाड बार्शीलाच रुजले. पुढे लग्न होऊन ती पुण्यास आली आणि परंड्यास जाणे राहूनच गेले. बायकांची माहेरे अशी पुष्कळदा राहून जातात.

कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून आम्ही गुरुवार धरला. पुणेकरांना जनावरे पाहण्याचा नाद तसा जुना आहे. सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना बाळगला होता, आणि गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० साली तिथला गेंडा कागदावर उतरवला होता. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याच पर्वतीच्या परिसरात १९५३ साली पेशवे पार्क उघडले. माझ्या पिढीने वाघ पाहिला तो तिथे, आणि ‘फुलराणी’त बसलो तेही तिथेच. १९९९ साली कात्रजचे उद्यान खुले झाले आणि जनावरांना शंभराहून अधिक एकरांची ऐसपैस जागा मिळाली. बदल चांगला झाला यात शंका नाही. मात्र माणसाला चालावे फार लागते.

वाघ झाडाखाली पाय पसरून झोपला होता. चिरंजीवांनी खाकरून पाहिले. कन्येने, “अहो वाघोबा,” म्हणून पाहिले. वाघाने कान हलवला एवढेच. काळविटांनी मात्र आमचे पैसे वसूल करून दिले. आई कठड्याला धरून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. “आमच्याकडे माळावर असायची ही,” ती म्हणाली. घड्याळात साडेअकरा झाले होते. चिरंजीव हलेनात, वाघ उठल्याशिवाय येणार नाही म्हणाले.

तेव्हा आजीने ठेवणीतला पत्ता काढला.

“अरे, हा झोपाळू वाघ काय पाहतोस? आमच्या गावचा सिंह हत्ती चावून खात होता!”

“खोटं!”

“गाडीत बैस, सांगते.”

हडपसर, यवत, भिगवण येईपर्यंत ती गोष्ट पुरली. गोष्ट खरी आहे, फक्त सिंह धातूचा आहे. ‘मलिक-ए-मैदान’ ही ती प्रचंड तोफ. १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर आली. तिचे तोंड म्हणजे जबडा पसरलेला सिंह, आणि दातांत चिरडलेला हत्ती. वजन पंचावन्न टनांच्या घरात. १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापुरास नेली. ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. “म्हणजे पळवली!” चिरंजीव ओरडले. आजीने मान डोलावली. तिच्या आजोबांनीही तिला ती अशीच सांगितली होती, जणू काल रात्री चोरी झाली.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले होते. ते आम्ही धावत्या गाडीतूनच पाहिले. टेंभुर्णीला चहा. कुर्डुवाडीला आईने बार्शी लाइट रेल्वेची चौकशी केली. १८९७ साली सुरू झालेली ती अरुंद गाडी आता रुंद रुळांवर गेली, हे ऐकून ती म्हणाली, “बरं झालं, फार हलायची.”

परंड्यास पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते.

परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. डोंगर नाही, दम लागत नाही. भोवती खंदक, आत दुहेरी तट. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतले तेव्हा मलिक अंबराने निजामशाहीचा वारस याच गावी तख्तावर बसवला होता. काही काळ का होईना, परंडा राजधानी होता! आज दारात शेळ्या होत्या. आई दरवाजाशी थबकली. खंदकाकडे बोट करून म्हणाली, “केवढा मोठा होता हा.” मग स्वतःच हसली, पाच वर्षांच्या पोरीला काय मोठे वाटत नाही?

तटावर तोफा अजून आहेत. ऊन तिरके झाले होते. आईने एका तोफेवर हात ठेवला, टोकापर्यंत चाचपत नेला आणि तोंडात मनगटापर्यंत घातला.

“इथे हत्ती नाही गं, आजी,” चिरंजीव वाकून म्हणाले.

“नाही ना? तेच म्हटलं मी. तो विजापुरात आहे.”

उतरताना उजेड गेलाच. चिरंजीवांनी तिचा हात धरला आणि प्रत्येक पायरी मोठ्याने मोजली. खाली पोचल्यावर त्यांनी विचारले, “विजापूर किती लांब?”

रात्री ओळखीच्या शेतावर हुरडा खाताना पुन्हा मंत्रिमंडळ भरले. शस्त्रक्रियेला अजून बारा दिवस होते, आणि मध्ये एक रविवार मोकळा होता.