तंजावरचे मराठी पाकशास्त्र

श्रवणबेळगोळची यात्रा आटोपून पुढे तमिळनाडूत जाणारी कुटुंबे तंजावरला बृहदीश्वराचे मंदिर आणि करंदै येथील आदीश्वर स्वामींचे जिनालय पाहून परततात. दिघी येथील एका व्यापारी कुटुंबाने मात्र गेल्या हिवाळ्यात, थोरल्या सुनेच्या आग्रहाखातर, राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयासाठीही वेळ काढला.

नायक राजांनी आरंभिलेल्या या संग्रहास सरफोजीराजे दुसरे (१७९८–१८३२) यांनी वैभव प्राप्त करून दिले. १९१८ पासून तो सर्वांस खुला आहे. वैद्यक, संगीत, ज्योतिष यांच्या पोथ्यांच्या पंक्तीस येथे स्वयंपाकही बसला आहे. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याची परंपरा सांगणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तर मराठीत आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठीतील पाककृती वाचावयास मिळाव्यात, याचे सुनेला मोठे नवल वाटले. त्यात सामिष पदार्थही असल्याने आपल्या वाचकास काही पाने ओलांडावी लागतात, हे सांगितलेले बरे.

तंजावरच्या दीपाबाई राणीच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त यांनी सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात जिलेबीची कृती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीचा माग काढला, तेव्हा ते याहून मागे, १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथापाशी पोहोचले. जिनसूररचित ‘प्रियंकरनृपकथा’ हा तो ग्रंथ. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मेजवानीच्या वर्णनात तेथे जिलेबी वाढली गेली आहे! आंबवलेल्या पिठामुळे आज आपल्यांतील अनेक जण ती वर्ज्य मानतात, ही गोष्ट निराळी.

राजाने पाककृती लिहवून घेतल्या, म्हणून त्या उरल्या. आपल्या पेढ्यांवर रोजमेळ आणि खतावण्या वर्षानुवर्षे बासनांत बांधून ठेवल्या जातात. स्वयंपाकघरातील वही मात्र घर बदलताना सहज रद्दीत जाते. दिघीच्या या घरात सासूबाईंची अशी एक वही आहे. सुखडी, मेथीपाक, खाखरे, वर्षभराची लोणची, सारे गुजराती लिपीत, आणि मापे शेर, पावशेर, छटाक अशी. मराठी शाळेत शिकलेल्या नातवंडांना ती वाचता येत नाही.

यात्रेहून परतल्यावर दुपारी दुकान बंद असताना सासूबाई वाचून दाखवू लागल्या आणि सून देवनागरीत उतरवू लागली. छटाकाचे ग्रॅम करण्याचे काम नातवाकडे आले. मिठाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी लिहिलेलेच नाही. तेथे सासूबाई चिमूट हातात घेऊन दाखवतात, मग ती तराजूवर तोलली जाते.