दहा आज्ञा (६) : खून कशाला म्हणायचं?

गेल्या आठवड्यात आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेला मी ‘पाचवी’ म्हटलं आणि दादरच्या एका वाचकबाईंचा फोन आला. गोखले रोडच्या पोर्तुगीज चर्चमध्ये त्या लहानपणापासून तिला ‘चौथी’ म्हणत आल्या. त्यांचं बरोबर आहे. ‘मी तुझा देव’ आणि अन्य देव वा मूर्ती नकोत, या ज्यूंच्या दोन आज्ञा मिळून कॅथलिक एकच आज्ञा धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. त्यामुळे आजची आज्ञा दादरच्या चर्चमध्ये पाचवी, तर सातरस्त्याजवळच्या बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्ये सहावी. आपली गणती ज्यूंची.

हिब्रूत ती दोनच शब्दांची : ‘लो तिर्त्साख’. कोणाला, कशासाठी, काहीच सांगितलेलं नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात इथं ‘किल’ आलं आणि घोळ झाला. मारायचंच नाही, तर पुढच्याच अध्यायात देहदंड कसा? लढाया कशा? मराठी बायबलातला ‘खून’ जास्त नेमका. लढाईतल्या मारण्याला हिब्रूत वेगळी क्रियापदं आहेत, आणि हे क्रियापद जनावराबद्दल कधीच येत नाही. आपणही कोंबडी कापतो, तिचा खून करत नाही.

मराठीला हा भेद शिकवावा लागत नाही. अफझलखानाचा वध होतो, पुढाऱ्याची हत्या होते, चाळीतल्या माणसाचा खून होतो. ‘गांधीहत्या’ म्हणणारा आणि ‘गांधीवध’ म्हणणारा यांची घरं कोणती, हे त्या एका शब्दावरून कळतं. मला यातच खरी मेख दिसते. आपल्या माणसानं मारलं की ‘वध’, आणि आज्ञा मोडलीच नाही! शब्द मारणाऱ्याच्या बाजूनं ठरवायचा नसेल, तर तो ठरवायचा कोणी?

ज्यूंचा धर्मग्रंथ तोराह यावर बरीच खोलात जाते. दोघं रानात लाकडं तोडायला गेले, घाव घालताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि सोबत्याला लागून तो मेला. गंमत म्हणजे इथंही क्रियापद तेच वापरलंय, तेव्हा नुसता शब्दकोश पुरत नाही. अशा माणसासाठी सहा आश्रयनगरं होती. मेलेल्याचे नातलग सूड घ्यायला येण्याआधी तिथं पोहोचायचं, चौकशीला उभं राहायचं, आणि सुटका झाली तरी महायाजक मरेपर्यंत वेस ओलांडायची नाही. चौकशीत पाहायचं ते हे : आधीचं वैर होतं का, दबा धरला होता का, हातात काय होतं. एकाच साक्षीदारावर कोणाला देहदंड नाही.

आता २७ एप्रिल १९५९ ची मुंबई. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी बायकोमुलांना धोबीतलावच्या मेट्रो सिनेमात सोडलं. तिथून ते जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या घरी गेले. तीन गोळ्या. मग स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. सगळं शहर त्यांच्या बाजूनं होतं. ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. जणू वधच!

वरच्या न्यायालयांनी मात्र हातात काय होतं आणि ते कुठून आणलं, हे पाहिलं. बचाव पक्ष म्हणत होता, रागाच्या भरात घडलं. फार तर सदोष मनुष्यवध. सर्वोच्च न्यायालयानं घड्याळ बघितलं. दीडला घर सोडलं, गोळ्या चार-वीसला. राग आवरायला जवळजवळ तीन तास होते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी निकाल लागला : खून, जन्मठेप.

खुन्याला पैसे घेऊन सोडू नये, असं तोराह बजावते. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, पैशाचा प्रश्न नव्हता.

पुढच्या आठवड्यात सातवी आज्ञा, व्यभिचाराची. दादरच्या बाईंनी सहावी समजून वाचावी.